चार पिस्टन, चार टोप्या आणि एक मुराळी

"पिस्टन निवडायला काय लागतं? ज्याला बाजारात कलिंगड निवडता येतं, त्याला पिस्टन निवडता येतो!"

हे वाक्य माझं. गेल्या फाल्गुनात, शिराळ्यात, आमच्या अंगणात, चहाची कपबशी हातात धरून मी ते म्हणालो. ऐकायला दोनच माणसं होती. एक माझी बायको संयोगिता, आणि दुसरे शेजारचे जोतिबा हवालदार.

"तुमी आणलेलं कलिंगड आजवर कवा लाल निघालंय?" संयोगिता म्हणाली.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं मी मोटरपंप सांभाळले आहेत. म्हणजे पंपांच्या फायली सांभाळल्या आहेत. पण फायलीत पंपच होते ना? भाजीपाला तर नव्हता!

तर मंडळी, आमच्या आबांची एक फियाट आहे. चौसष्ट सालची, दुधावरच्या सायीच्या रंगाची. आबा गेल्यापासून एकोणीस वर्षं ती गोठ्याच्या पडवीत उभी होती. टपावर कोंबड्या झोपत, मागच्या सीटवर मांजर दर वर्षी बाळंत होई, आणि पुढच्या काचेवर पावसानं अशी काय नक्षी काढली होती की आतून बघावं तर जग गंगावनासारखं गुंतलेलं दिसे.

आणि माझी थोरली बहीण बनुबाई, म्हणजे आमची अक्का. वडूजला दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला आबा तिला न्यायला ह्याच गाडीतून गेले होते. अख्खी आळी गाडी बघायला लोटली. सासूनं त्या दिवशी पहिल्यांदा तिला 'ए पोरी' सोडून 'बनुबाई' अशी हाक मारली, असं अक्का अजून सांगते. सांगताना तिचे डोळे अजून भरतात.

आबांच्या मागे मुराळी मी. सणाला बहिणीच्या सासरी जायचं आणि तिला मानानं माहेरी आणायचं, हे मुराळ्याचं काम. अठरा वर्षं मी यष्टीनं गेलो आणि तिला यष्टीनं आणली. गेल्या वर्षी मात्र गुडघा धरला होता, म्हणून एक भाड्याची गाडी ठरवली आणि ड्रायव्हर पाठवून दिला. एवढंच!

गाडी रिकामी परत आली. ड्रायव्हरकडून निरोप आला, "मुराळी भाड्यानं मिळतो व्हय रं सया? मग बहीण बी भाड्यानं आण एकादी!"

सहा महिने अक्का माझ्याशी बोलली नाही. सहा महिन्यांनी बोलली ती फोनवर, उभ्या उभ्या. "ह्या पंचमीला तू सोता आबांच्या गाडीतनं न्यायला आलास, तर येईन. न्हाई आलास, तर मला माह्यार न्हाई असं समजून उंबऱ्याच्या आतच नागोबाला हात जोडीन." आणि फोन ठेवला.

मी गाडीकडे बघितलं. गाडीवरच्या कोंबड्यानं माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाही प्रसंगाचं गांभीर्य कळलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी हवालदारांच्या ट्रॅक्टरला गाडी बांधली आणि ओढून चालू करायचा घाट घातला. एकोणीस पावसाळ्यांचं पाणी इंजिनात कुठं कुठं जाऊन बसलं असेल, हे काही फायलीत लिहिलेलं नव्हतं. वीस पावलं गाडी गेली, आणि पोटातून असा 'खळ्ळ' आवाज आला की गोठ्यातल्या म्हशीनं दूध आखडलं!

मग गाडी टेम्पोत घालून सांगलीला, अर्जुना मिस्त्रीच्या गॅरेजात. अर्जुना जुन्या गाड्यांतला मोठा माणूस. बोलतो कमी, आणि जे बोलतो त्यानं आपला बीपी वाढतो. त्यानं इंजिन उघडलं, आत बॅटरी मारली आणि वैद्यबुवा नाडी बघून मान हलवतात तशी मान हलवली.

"काय झालंय?"

"पिस्टन गेलं. चारी. कनेक्टिंग रॉड वाकलं. ते बी चारी."

"आणि?"

"आनि काय ऱ्हायलंय?"

त्यानं समजावून सांगितलं ते असं. इंजिनात चार नळकांडी. त्यांत चार पिस्टन वर-खाली करतात. प्रत्येक पिस्टनला खाली एक लोखंडी दांडा, तो कनेक्टिंग रॉड, तो क्रँकला, म्हणजे चाकांना गती देणाऱ्या मुख्य दांड्याला, फिरवतो. नळकांडी झिजली की मशिनवर जरा रुंद करून घ्यायची, आणि त्या मापाचे नवे, थोडे जाड पिस्टन घालायचे. माप वीस, चाळीस, साठ. नंबर जितका मोठा तितका पिस्टन जाड.

"म्हंजी अंग सुटलं की पोलक्याची शिवण उसवत्यात, तसं," संयोगिता म्हणाली.

"बरोब्बर, वैनी!" अर्जुना तिच्याकडे आदरानं बघत म्हणाला. माझ्याकडे असं त्यानं आजपर्यंत बघितलेलं नाही.

"मग साठच घाला!" मी म्हणालो. "मोठा पिस्टन, मोठी ताकद!"

"साठ घातलं तर नळकांड्याची भिंत भाकरीच्या पापुद्र्यागत हुईल. मग तुमी बसा भिंत धरून."

"देखो साब," हवालदार मधे पडले. ते फौजेत अठ्ठावीस वर्षं गाड्याच दुरुस्त करत होते, आणि निवृत्त झाल्यापासून लोकांची मतं दुरुस्त करतात. "पल्टणीत आमी आदी वीसवर जायचो. चाळीस हाय आखरी मोर्चा. पैल्याच दिवशी आखरी मोर्चाला जायाचं न्हाई."

"वीसमधी झीज निघत न्हाई, हवालदार."

"निघंल! घासा!"

"तुमच्या पल्टणीत घासलं आसंल, आमच्याकडं मापतो!"

असं हे चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत चाललं! वीस, चाळीस, साठ, वीस, चाळीस, साठ. मी झोपेत पाढे म्हणू लागलो. संयोगितानं डाळीला किती पाणी घालू विचारलं की मी म्हणायचो, "चाळीस." मापून बघितलं तेव्हा अर्जुनाचं चाळीसच बरोबर निघालं. हवालदार म्हणाले, "मीच सांगत हुतो!" आणि चार दिवस गॅरेजात तोंडसुद्धा दाखवलं नाही.

इकडे वडूजहून दर आठवड्याला फोन. अक्का बोलायची नाही. तिचं लहानपण जात्यावर गेलेलं, त्यामुळे राग आला की तिच्या तोंडून शिवी निघत नाही, ओवी निघते. शिवी बरी हो! विसरता तरी येते.

"भाऊ माझा मुराळी, रोज फोनावं बोलतो,
गाडी त्याची गोठ्यात, वर कोंबडा डोलतो!"

"अक्का, गाडी गोठ्यात नाही, सांगलीत आहे!"

"मग कोंबडा एकटाच डोलत आसंल बिचारा." आणि फोन बंद.

पिस्टन मिळाले, नळकांडी कापून झाली, आता राहिले कनेक्टिंग रॉड. नवे कुठंच मिळेनात. मग मिरजेच्या जुन्या बाजारात मी स्वतः जाऊन, वाजवून वाजवून, चार रॉड निवडले. तिन्हीसांजेला ते अर्जुनापुढे मांडले तेव्हा माझी छाती भात्यासारखी फुगली होती.

अर्जुनानं एकेक उचलून बघितला. "हे तीन येगयेगळ्या गाड्यांचं चार रॉड हायत."

"मापं एकच आहेत की!"

"मापं एक, वजनं येगळी. एकाच जुवाला रेडा आनि बकरी बांदल्यागत. गाडी थरथरून तुमच्या कवळ्या पाडील." मग त्यानं उसासा टाकला. "चालंल. वजनं घिऊ. जड आसंल त्येला घासून हलका करू. पर ग्रॅमाच्या तोलावर पायजे."

ग्रॅमचा तोल म्हटल्यावर माझ्या डोक्यात वीज चमकली. "सराफाकडे!"

इथं एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका, कारण पुढचा सगळा सत्यानाश हिच्यातूनच निघाला. रॉडच्या खालच्या टोकाला एक अर्धगोल टोपी असते, ती दोन बोल्टांनी रॉडला बसते. ज्या रॉडची टोपी त्याच रॉडला! कारखान्यात दोघांना एकत्र धरून कातलेलं असतं. दुसऱ्याची टोपी बसवली की क्रँक अडकलाच. माझ्या रॉडांवर नंबर पुसट झालेले, म्हणून अर्जुनानं प्रत्येक जोडीवर ऑइलपेंटचा ठिपका दिला. तांबड्या रॉडला तांबडी टोपी, पिवळ्याला पिवळी, हिरव्याला हिरवी, पांढऱ्याला पांढरी. "ठिपकं संबाळा," तो तीनदा म्हणाला. पंचमी चार दिवसांवर आली होती.

मी आणि हवालदार सराफकट्ट्यावर नारायणशेठच्या दुकानात गेलो. नारायणशेठ म्हणजे तीन पिढ्यांची पेढी. बोलणं खव्यासारखं मऊ, सचोटी पोलादाची. दुकानात श्रावणातली गर्दी. मी पिशवीतून चार रॉड काढून पांढऱ्या गादीवर ठेवले. गादी काळी झाली.

नारायणशेठनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे... मोडीत द्यायचंय का?"

"छे! फक्त तोलायचेत. चारी एका वजनाचे आहेत का बघायचं."

"कुणासाठी?"

"बहिणीसाठी!" मी अभिमानानं म्हणालो. खोटं काय त्यात?

बायकांनी माना वळवल्या. काटा काचेच्या पेटीत होता, त्यात अख्खा रॉड मावेना. तेव्हा हवालदारांनी खिशातून पाना काढून चारी टोप्या सोडवल्या. तोवर सगळं ठीक होतं. ठिपके जागेवर होते. मी डोळ्यांत तेल घालून ठिपक्यांकडे बघत होतो.

तेवढ्यात नारायणशेठ म्हणाले, "ह्याच्यावर मळ आहे."

"असू दे हो."

"असू दे कसं? आमच्या पणजोबांपासून ह्या पेढीवर कुणी मळ तोलला नाही. सोनं असो, लोखंड असो, गिऱ्हाइकाला वजन द्यायचं ते मालाचं. चहा घ्या."

आणि त्यांनी ते सगळं आत पाठवलं! मी "अहो ठिपके! ठिपके!" म्हणेपर्यंत चहा माझ्या हातात, पेढा हवालदारांच्या तोंडात, आणि आतून ब्रशचा आवाज. आधी कसल्याशा उग्र पाण्यात बुडवून, मग रिठ्याच्या पाण्यात उकळून, मग मऊ ब्रशनं. दहा मिनिटांनी बाहेर आले ते रॉड नव्हतेच हो! चांदीचे दागिने होते! जन्मात त्या लोखंडावर कुणी इतकी माया केली नसेल.

ठिपका? औषधाला नाही!

पुन्हा सराफी शिस्त अशी की एका जातीचा माल एकत्र. कानातलं एकीकडे, फिरक्या एकीकडे. तशी रॉडांची गुलाबी कागदातली पुडी वेगळी, टोप्यांची वेगळी, बोल्टांची वेगळी. प्रत्येकीवर नगानगाचं वजन, ग्रॅम, मिलिग्रॅम. वर लाल दोरा. "बहिणीसाठी म्हणालात, म्हणून हळदकुंकू लावलंय," नारायणशेठ म्हणाले. आणि तोलाचा एक पैसा घेतला नाही! अशा माणसावर ओरडायचं तरी कसं?

"हवालदार, तुम्ही काय करत होता?"

"पेढा खात हुतो. तुमी?"

संध्याकाळी अक्काचा फोन आला. आवाज ऐकून मी नंबर पुन्हा बघितला. इतका गोड!

"सया... जेवलास का रं?"

"हो. का गं?"

"काय न्हाई. आमची शिवांजली पंचमीला तिच्या माह्यारी सांगलीला गेलीया न्हवं, तिनं तुला आज बगितलं म्हनं. सराफाच्यात." शिवांजली म्हणजे अक्काची सून. "चार नग तोलत हुतास. बहिणीसाटी म्हनालास. सगळ्या दुकानानं ऐकलं."

मी हातातल्या गुलाबी पुडीकडे बघितलं.

"सया, मी रागानं बोलले रं. मला सोनंनाणं कशाला? पर चार करू नगंस. दोन पाटल्या लय झाल्या." आणि ती हलकेच म्हणू लागली,

"सांगलीच्या पेठंमंदी, बंधू माझा गं थांबला,
रित्या माझ्या मनगटाचा, घोर त्याला गं लागला..."

एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात टोप्यांची गुलाबी पुडी. सांगणार काय? 'अक्का, त्या पाटल्या नव्हेत, ते कनेक्टिंग रॉड!' तुम्ही सांगितलं असतंत? सांगा बघू!

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनानं पुड्या सोडल्या. पहिली सोडली, हसला. दुसरी सोडली, हसू गेलं. तिसरी सोडून तो खाली बसला.

"ह्यात कुनाचं कोन?"

मी हवालदारांकडे बघितलं, हवालदारांनी छताकडे.

"सायेब, मी तुमाला काय म्हनलो हुतो?"

"ठिपके सांभाळा."

"कितीदा?"

"तीनदा."

"आनि लग्नाच्या मांडवात तुमी चारी नवरे एका खोलीत कोंडलं आनि चारी नवऱ्या दुसऱ्या खोलीत! वर पदराच्या गाठी सोडून टाकल्या! आता वळकायचं कसं?"

मार्ग एकच होता. प्रत्येक रॉडला प्रत्येक टोपी बसवायची, बोल्ट आवळायचे, आणि सांध्यावरून नख फिरवायचं. नख कुठंही अडलं नाही तर जोडी खरी. चार रॉड, चार टोप्या, सोळा स्थळं बघायची! आणि अर्जुनाची नखं ग्रीस खाऊन म्हशीच्या खुरासारखी झालेली. हवालदारांचं बोट पल्टणीत एका दारात चेंगरलेलं. माझं नख फायलींवर झिजलेलं, त्याला सगळंच गुळगुळीत लागायचं.

"हीच जोडी!" मी म्हणायचो.

"मगाशी हीच टोपी त्या रॉडची म्हनलासा!"

"मग दोन्ही बरोबर असतील!"

"सायेब, तुमी भायेर बसता का जरा?"

दुपारी संयोगिता शिराळ्याहून डबा घेऊन आली. पिठल्याचा डबा ठेवला, आमची तोंडं बघितली, काय झालं विचारलं. ऐकून घेतलं. मग पदराला हात पुसून एक जोडी उचलली आणि सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"ही न्हाई." दुसरी. "ही बी न्हाई. आडतंय." तिसरी. "ही. ही घ्या."

अर्जुनानं मापाचं यंत्र लावलं. काटा ठप्प जागेवर! अर्ध्या तासात चारी जोड्या लागल्या.

"वैनी, कसं काय वळकलंसा?"

"बांगड्या भरताना सांदा बगायची सवं हाय. आनि चुकीचं जोडपं हाताला लगेच कळतं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "चाळीस वर्सांचा आनुभव हाय."

मी पिठलं खाल्लं. तिखट होतं.

मग जड रॉड घासून हलका करणं, रिंगा, बेअरिंगं, टायमिंग. चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत अर्जुना इंजिनातून वर आला नाही. त्याला सवड नव्हतीच. "पंचमीला मी पान्याला हात लावत न्हाई," त्यानं बजावलं होतं. "त्या दिवशी चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, खनायचं न्हाई. इंजनात तिन्ही येतं."

आणि चतुर्थीला सकाळी नऊ वाजता गाडी सुरू झाली! काय तो आवाज! मांजरीनं पिलांना बोलवावं असा. हवालदारांनी सलाम ठोकला. संयोगितानं डोळे टिपले आणि मी पाहिलं तसं धूर गेला म्हणाली. मी गाडीत बसलो, आरशात भांग बघितला, आणि आबांसारखा एक हात खिडकीबाहेर टाकला.

अर्जुनानं खिडकीत डोकं घातलं. "सायेब, पिस्टन नवं हायत. चाळीसच्या वर जायाचं न्हाई."

"चाळीस पिस्टन, चाळीस वेग! वा!"

"हसू नगा. पैलं हजार किलोमीटर. दर धा किलोमीटरला थांबायचं, इंजन गार हुंद्यायचं. न्हाई तर पिस्टन धरला म्हनून समजा. मग सराफाकडंच न्या."

चतुर्थी म्हणजे भावाचा उपवास. त्या दिवशी बहिणी भावासाठी अन्नाला शिवत नाहीत. अक्कानं निरोप धाडला होता, माहेरी पोचल्यावर भावापुढेच उपवास सोडीन. एकाहत्तर वर्षांची बाई, पोटात पाण्याशिवाय काही नाही! मी चाळीसवर काटा धरून निघालो. विट्याच्या रस्त्यावर मला सायकलवाल्यानं मागं टाकलं. मेंढ्यांच्या कळपानं टाकलं. एका आजोबांनी चालता चालता खिडकीतून तंबाखू मागितली, मळली, माझ्या हातावर ठेवली आणि पुढे निघून गेले!

वडूजला पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. पण मंडळी, आळीच्या तोंडाशी मी हॉर्न दिला आणि सगळा शीण उतरला. दारादारांतून माणसं बाहेर आली. अक्का उंबऱ्यात उभी होती. हिरवं लुगडं, नाकात नथ, काखेत बोचकं. गाडी थांबली तशी ती पुढे आली. बॉनेटवर तळहात ठेवला, आजारातून उठलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. मग माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे बघितलं.

आता सांगणं आलंच.

"अक्का... ते सराफाकडं... ते चार नग... ते गाडीचे होते. दांडे. पिस्टनचे."

आळी एक पाऊल पुढं सरकली.

"दांडे," अक्का म्हणाली.

"हो."

"आनि मी आळीत सांगून बसले पाटल्या म्हनून."

"चूक झाली."

"कुटं हायत ते? दाव तरी मला."

"आत आहेत. इंजिनात. दिसायचे नाहीत."

तिनं एकदा बॉनेटकडं बघितलं, एकदा आळीकडं, आणि पदर तोंडाला लावून अशी हसली, अशी हसली, की नथ हलायला लागली. "आगं बया! माझ्या पाटल्या गाडीच्या पोटात! चल रं, चल! ऊन कलायला लागलं."

ती मागच्या सीटवर राणीसारखी बसली आणि आम्ही निघालो. पहिले दहा किलोमीटर सोन्यासारखे गेले. मग मी थांबलो.

"काय झालं?"

"इंजिन गार करायचं."

वीस मिनिटं थांबलो. पुन्हा निघालो. पुन्हा दहा किलोमीटर. पुन्हा थांबलो.

"आता?"

"गार."

"सया, मी सकाळपास्नं उपाशी हाय रं."

"अक्का, पहिले हजार किलोमीटर..."

"हजार! शिराळा हजार किलोमीटर हाय व्हय?"

पुसेसावळीच्या अलीकडे तिसऱ्यांदा थांबलो. बाभळीखाली अक्का घड्याळ नसलेलं मनगट चारदा बघून झाली. मागून कराडला जाणारी यष्टी आली. आत खच्चून बायका! सगळ्या माहेरवाशिणी, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या शेजारी मुराळी, खिडक्याखिडक्यांतून हिरव्या बांगड्यांचे हात. कुणीतरी आतून ओरडलं, "आवं बनुबाई, गाडी बंद पडली काय?"

"बंद न्हाई!" मी ओरडलो. "गार होतेय!"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. गाडीकडे बघितलं. आणि उभी राहून हात केला. यष्टी थांबली!

"अक्का! अगं अक्का, तुझी अट... आबांची गाडी..."

"आट तू पुरी केलीस, गड्या. तू आलास, सोता आलास, आबांच्या गाडीतनं आलास. आळीनं बगितलं. माझा मान झाला," पायरी चढत ती म्हणाली. "आता मला भूक लागलीया. आनि यष्टीत मला अर्धं तिकीट हाय!"

कंडक्टरनं घंटी मारली. मी नुसता बघत राहिलो. गाडी सोडून जाता येईना, आणि गाडी घेऊन पाठलाग करता येईना! खिडकीतून तिचा आवाज आला, आणि तिच्यामागून साऱ्या यष्टीचा,

"पंचमीच्या सणाला, लेकी निगाल्या माह्यारा,
बंधू माझा रस्त्याला, देतो गाडीला पहारा!"

शिराळ्याला पोचलो तेव्हा दिवे लागून गेले होते. दारात अक्का उभी. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. माहेरवाशिणीवरून ओवाळून टाकतात, तो तुकडा तिनं माझ्यावरून ओवाळला! पायावर पाणी घातलं! संयोगिता मागं उभी राहून हसत होती.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"भावाआदी कशी जेवू?" ती म्हणाली. दोन तास ताटापुढं बसून राहिली होती, वेडी! तिचा हात धरून मी आत जाऊ लागलो.

"सया, पुढच्या पंचमीला तूच याचंस हां. ह्याच गाडीतनं."

"येणार! नक्की येणार!"

"तू आसं कर. तू दोन दिस आदी निग. मी पंचमीच्या सकाळी यष्टीनं निगते. दोगं एकदमच पोचू."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? सोमवारी तिला वडूजला परत पोचवायचंय, आणि यष्टी किती वाजता सुटते हे मी आगारात जाऊन गुपचूप विचारूनसुद्धा आलोय.